कपाच्या तळाशी साखर

सर,

आज रविवार आहे, सकाळचे दहा वाजलेत, आणि माझ्या पुढ्यात नववीतल्या एका मुलीची वही उघडी आहे. त्या वहीत मी मेलेली आहे. इंग्रजी चांगलं आहे. पहिल्या वाक्यात विषय आला आहे, पुढचं प्रत्येक वाक्य मागच्याचा हात धरून उभं आहे, आणि शेवटच्या वाक्यात मी सांगलीच्या आमच्या शाळेत, वर्गातल्या खिडकीजवळच्या खुर्चीवर बसल्या बसल्या गेलेली आहे. मांडीवर डस्टर, उजव्या बाहीवर खडूची पूड, केसांत अबोलीचा गजरा. त्याखाली काल तिनं माझ्यासमोर बसून लिहिलेलं आणखी एक वाक्य आहे, त्याकडे नंतर येते. लाल पेन हातात घेऊन अर्धा तास झाला, वहीवर एक खूणही करता आलेली नाही. म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली.

तुम्हाला आठवत असेल, असं लिहिणार होते. पण आमच्या घरानं जो धर्म घेतला त्यात मेलेल्या माणसाला काही आठवतं असं मानत नाहीत, आणि मी तर घरातली पहिली पदवीधर, मी असलं काही मानणं शोभणारही नाही. तेव्हा मीच आठवते. साताऱ्यातली तुमची दोन खोल्यांची जागा. मी दहावीत आहे, वसतिगृहातून चालत आले आहे, हातात 'माझे गाव' हा माझा परिच्छेद. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला आहात, काकू मेथी निवडताहेत. मी दारातच थांबते. तशी सवयच होती, कुणाच्या स्वयंपाकघरात पाय टाकायची वेळ आमच्यावर येत नसे. तुम्ही मान वर न करता म्हणता, "अगं आत ये. उंबऱ्यात उभं राहून इंग्रजी येतं का कुणाला?"

मग तुम्ही कात्री घेतलीत आणि माझा परिच्छेद कापला. एकेका वाक्याची एकेक पट्टी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तो मी तीनदा उतरवून काढला होता. तुम्ही पट्ट्या पिसल्यात आणि काकूंपुढे टाकल्यात. "लाव बघू ओळीनं." काकू म्हणाल्या, "मला कुठं येतंय इंग्रजी?" "म्हणूनच लाव." त्यांनी मेथीच्या हातानं पट्ट्या कशाही लावल्या. तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवलंत आणि माझ्याकडे बघितलंत. "काय बिघडलं? हिला एक अक्षर येत नाही, तरी हिचा क्रम तुझ्याइतकाच बरोबर. गावात नदी आहे, गावात शाळा आहे, गावात देऊळ आहे. हा परिच्छेद नव्हे पोरी, ही एसटी स्टँडवरची गर्दी आहे. कुणाचा कुणाला पत्ता नाही." त्या पट्ट्या मला परत देऊन तुम्ही म्हणालात, "अशा लिहून आण की एकाच क्रमानं लागतील. पहिल्या वाक्यानं दार उघडायचं, शेवटच्यानं लावून घ्यायचं. मधल्या वाक्यांत जे डोळ्यांनी दिसतं तेवढंच. कॉलेजात सगळं इंग्रजीत लिहावं लागेल. तिथं पाठांतर पुरणार नाही तुला."

इतर मुली गाईड पाठ करायच्या. मी शपथ घेतली होती, गाईडला हात लावायचा नाही. पण वसतिगृहात एकीनं मोठ्यानं घोकलं की सगळ्यांच्या कानांत जायचं. 'माझे आवडते शिक्षक' हा गाईडमधला परिच्छेद मला न वाचताच पाठ होता. त्यात शिक्षक शेवटी वारायचे. कुठल्यातरी लेखकाला शेवट सुचला नसेल, त्यानं मारून टाकलं असेल. प्रिलिमला नेमका तोच विषय आला आणि सगळ्या वर्गानं, तुम्ही समोर खुर्चीवर पेंगत असताना, तुमच्यावर लिहून शेवटच्या ओळीत तुम्हाला मारलं.

मीही मारलं. मला तो शेवट टाळता आला असता, सर. पण माझ्या मनात वेगळंच आलं. आपण तो इतरांपेक्षा चांगला लिहून दाखवू, असं वाटलं. इतरांनी 'ते आता आपल्यात नाहीत' एवढंच लिहिलं, मी डोळ्यांनी दिसेल असं लिहिलं. रविवारी सकाळी सर टेबलाशी बसले होते. चष्मा कपाळावर सरकवलेला होता. पेन उघडं होतं आणि लाल शाई एका मुलीच्या वहीवर पसरली होती. चहा गार झाला होता. कपाच्या तळाशी साखर तशीच होती, कारण ती ढवळायचं राहून गेलं होतं.

पेपर वाटायच्या दिवशी तुम्ही वर्गात हसत आलात. "बाईसाहेबांनो, या आठवड्यात मी तुमच्या हातून चाळीसएक वेळा मेलो. पण नीट मारलं ते हिनं एकटीनं." सगळा वर्ग हसला. तुम्ही माझा परिच्छेद पट्ट्यांवर उतरवून आणला होता. तीन मुलींना वेगवेगळं बोलावून लावायला दिलात, तिघींनी एकच क्रम लावला. मला पूर्ण गुण होते. खाली तुमच्या लाल अक्षरात शेरा होता, "चहा पटला. साखर पटली नाही, मी साखर घेत नाही. तपशील नजरेनं बघून लिही."

प्रिलिमनंतरच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा आईला ते मराठीत वाचून दाखवलं. कौतुक करील असं वाटलं होतं. आई भाकरी थापायची थांबली. "जित्या माणसावर असलं लिवू न्हाई गं. फाडून टाक ते." मी म्हणाले, आई, आता आपण असलं मानत नाही. "मानत न्हाई ते खरं," आई म्हणाली, "पर फाडायला काय जातंय?" मी फाडलं नाही. त्यावर पूर्ण गुण होते.

मार्चमधला तो रविवार. परीक्षा आठवड्यावर आलेली, मी तुमच्याकडे वही घ्यायला आले. दारात चपला होत्या, पुष्कळ. शेजारचे लोक बाजूला झाले आणि मला टेबल दिसलं. तुम्हाला त्यांनी खाली घेतलं होतं. चष्मा कुणीतरी कपाळावरून काढून टेबलावर ठेवला होता. पेन उघडं होतं. शाई पसरलेली वही माझी होती. मी रडले नाही, सर. मी आधी पुढे होऊन कपात बघितलं.

साखर होती.

तुमच्या तेराव्याला काकूंनी मला आत बोलावलं आणि ती कात्री माझ्या हातात दिली. "तुला राहू दे. तुझंच नाव घ्यायचे." मग त्या आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "बारा वर्षांत कधी साखर मागितली नाही बघ. त्या दिवशी म्हणाले, आज घाल चमचाभर. म्हटलं, डॉक्टर रागावतील. तर म्हणाले, असू दे गं, एका मुलीचं वाक्य अडलंय." काकूंना वाटलं, काहीतरी थट्टा असेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मला काही माहीत आहे का म्हणून. मी मान हलवली, नाही म्हणून.

मी अनेकदा स्वतःला समजावलं आहे. तुम्ही आजारी होतात, चहा तर रोजच गार व्हायचा, पेन रोजच उघडं असायचं. साखर तुम्ही गमतीनं घेतली असेल, तिनं माणूस जात नाही. हे सगळं मी क्रमानं मांडू शकते, पट्ट्या एकाच क्रमानं लागतील असं. तरी त्या कपातली साखर मीच आधी लिहिली होती, ती पडायच्या आधी, हे त्यात कुठंच बसत नाही.

आता मी इथं शिकवते. तुमचीच कात्री, तुमचीच पद्धत. गाईडमधला तो परिच्छेद अजून तसाच छापतात, म्हणून जिवंत माणसावर लिहा असं मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं. विहीर, बाजार, बैलाची जोडी असले विषय द्यायची. परवा मी रजेवर होते, दुसऱ्या बाईंनी तास घेतला आणि तो विषय देऊन टाकला.

ही मुलगी जतकडची. तिच्या घरातही तिच्याआधी कुणी शाळेचं तोंड बघितलेलं नाही. काल दुपारी शाळा सुटल्यावर तिला थांबवलं. वही बघून ती घाबरली.

"बाई, चुकलं काय माझं?"

"चुकलं नाही. पण मी जिवंत आहे ना गं?"

"व्हय की." तिला हसू आलं. "पर बाई, जित्या माणसाचा शेवट कसा करायचा? तुमीच सांगितलंय, शेवटच्या वाक्यानं दार लावून घ्यायचं. तुमी तर उद्या बी येणार, परवा बी येणार. दार लागतंच न्हाई."

त्या परिच्छेदात शिक्षक शेवटी का मरतात, हे आठ वर्षं मी शोधत होते, ते तिनं एका दमात सांगितलं. मी विचारलं, "आणि हा गजरा? मी कधी माळते का?"

"न्हाई माळत. म्हणूनच घातला. लय शोभंल तुमाला."

मी वही तिच्याकडे वळवली. त्या मुलीनं माझ्यासारखं ओझं घेऊन या वर्गातून जायचं नाही, एवढं मला स्पष्ट दिसत होतं. मी तिला म्हटलं, दार लावायचंच असं नाही. मी चुकीचं सांगितलं, मलाही तसंच शिकवलं होतं. त्या माणसाचं जे काम व्हायचं राहिलंय ते शेवटी लिही. तिनं शेवटच्या चार ओळींवर तिरकी रेघ मारली, पेन्सिल चावत बसली आणि मग खाली लिहिलं, 'सोमवारी बाई आमच्या वह्या परत देतील.' मी ते कापलं असतं तरी ती पट्टी शेवटीच लागली असती.

आता शेरा. मघाशी पेन टेकवलं तेव्हा हातातून जे उतरणार होतं ते असं, की मी फुलं माळत नाही, तपशील नजरेनं बघून लिही. शब्दाला शब्द तुमचा. मी पेन उचललं. नंतर नव्या वाक्यापुढे एवढंच लिहिलं, 'हा शेवट ठेव.' पूर्ण गुण दिले. उद्या सोमवार.

काकू अजून साताऱ्यातच आहेत. हे पत्र तिथल्या पत्त्यावर टाकता येईल, कुणीतरी वाचून दाखवील. पण त्यांना तो प्रिलिमचा पेपर माहीत नाही, आणि तो सांगितल्याशिवाय हे पत्र लागतच नाही. तेव्हा ते इथंच वहीखाली राहील.

आणखी एक. काल शाळेतून परतताना मंडईत अबोलीचा गजरा घेतला. का घेतला, ते मला नीट सांगता येणार नाही. तुम्हाला कदाचित आलं असतं. माळलेला नाही, पाण्याच्या वाटीत या वहीशेजारी ठेवला आहे. आज सुट्टी, खडूला हातही लागलेला नाही, तरी मघाशी उजवी बाही झटकली. आणि सकाळपासून दोनदा आरशापर्यंत जाऊन आले.