मिस्टरांसाठी आलात का?

सोमवार, ३ मार्च

कवळीत दात उलटा बसवला! वीस वर्षं मेणात दात बसवतेय, आणि आज वरचा दात खाली, खालचा वर. लॅबचे डॉक्टर ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "हात का थरथरतो हो तुमचा?" ओरडले असते तर परवडलं असतं. साखर कमी झाली असेल, म्हटलं. साखर! सकाळी आठला माझ्या कपात काय असतं, ते मला आणि कपालाच माहीत.

घरी आले तर नवऱ्याने बाटली ओट्यावर काढून ठेवलेली. पिठाच्या डब्यात हात घातला म्हणे. आवाज न चढवता म्हणाला, "दारू सोडणाऱ्यांची सभा असते. तिथे जायला लाग. महिनाभर बघतो, नाहीतर मी ताईकडे राहायला जातो." या माणसाला धड भांडताही येत नाही! पण जाईल. तो बोलला की करतो.

मंगळवार, ४ मार्च

दवाखान्यात चौकशी केली. हळूच. खिडकीतल्या बाई मागे वळून ओरडल्या, "अगं, ती दारू सोडायची सभा कुठे भरते?" दवंडी पिटायचीच बाकी ठेवली! रांगेतली दहा माणसं माझ्याकडे बघायला लागली. मग बाई एकदम मऊ — "मिस्टरांसाठी का?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. एक आजी पुटपुटली, "काय मेली एकेकाची नशिबं!"

पत्ता मिळाला. वाचनालयाच्या मागे, गुरुवारी सहा.

गुरुवार, ६ मार्च

वाचनालयाच्या मागे कॉम्प्युटरचा क्लास! सभा तिथून हलून वर्ष झालं. दवाखान्याच्या कागदावर मात्र अजून तीच जागा. एक ओळ खोडायला हात झडतात का यांचे?

वॉचमन दात कोरत म्हणाला, "ते पिणारे होय? शाळेत गेले ते. पण मिस्टरांना आणायचं ना, तुम्ही एकट्या येऊन काय उपयोग?" बाईला प्यायला काय वेगळं तोंड लागतं? डोक्यात नुसती तिडीक. शाळा कुठली तेही विचारलं नाही. घरी येऊन घेतली. एरवी कारण लागत नाही, आज होतं.

गुरुवार, १३ मार्च

सापडली एकदाची! तीन शाळा पालथ्या घातल्या. मागच्या बाजूला दोन खोल्या, पाटी नाही. दारात एक निवृत्त नर्स — सगळे सिस्टर म्हणतात. माझा हात धरून, "या, या. पिणारे पलीकडे. घरच्यांनी इकडे बसायचं." विचारलंसुद्धा नाही! मी तोंड उघडेपर्यंत खुर्चीत बसवलं, पाण्याचा ग्लास हातात.

सात बायका. एकेकीने घरचं सांगितलं. माझी पाळी आली. उठून जायला हवं होतं. पण मी सांगितलं — पिठाचा डबा, उलटा दात, मुलीच्या वाढदिवसाला सगळ्यांदेखत जमिनीवर पडणं. सगळं खरं. फक्त पिणारा नवरा केला.

बायका रडल्या. मीही रडले. इतक्या वर्षांत कोणी माझं एवढं ऐकलं नव्हतं.

शुक्रवार, १४ मार्च

"गेलीस?" गेले. "बरं वाटलं?" हो. इतका खूश झाला की मला त्याचीच चीड आली.

गुरुवार, २० मार्च

पुन्हा त्याच खोलीत बसले. पलीकडच्या दारापर्यंत गेले होते, आतून पुरुषांचं हसणं ऐकू आलं. पाय इकडे वळले.

आज सातांतल्या एक, शाळेत शिकवणाऱ्या बाई — त्यांचा नवरा पिऊनच गेला — मला म्हणाल्या, "असल्या माणसाला घराबाहेर काढा! नालायक असतात एकजात." माझं टाळकंच सटकलं. कोणाला नालायक म्हणते ही? मी ओकते ते पुसणाऱ्याला? डॉक्टरांना फोन करून "तिला ताप आहे" सांगणाऱ्याला? तो सरबताच्या पुढे गेलेला नाही आयुष्यात! म्हटलं, "तो वाईट नाहीये हो." सिस्टर हसल्या — "सगळ्या सुरुवातीला असंच म्हणतात."

चोराच्या उलट्या बोंबा, कळतंय मला. त्याला ते नाव मीच मिळवून दिलं. तरी राग त्यांचाच येतो.

रविवार, २३ मार्च

तीन दिवस घेतलेली नाही. सांगू कोणाला? तिथे सांगितलं तर त्याचं अभिनंदन करतील!

गुरुवार, २७ मार्च

दार ढकलून तो आत आला. इस्त्रीचा शर्ट. "पिणाऱ्यांच्या घरच्यांची सभा हीच ना?" मग मी दिसले.

"माझे मिस्टर," मी म्हटलं.

शाळेतल्या बाई ताडकन उठल्या. "लाज नाही वाटत? तुमची खोली पलीकडची!"

त्याने माझ्याकडे बघितलं. सगळं कळलं त्याला. "हो का? चुकलं," म्हणाला आणि पलीकडे गेला.

सिस्टरनी माझा हात घट्ट धरला होता. सोडवून घेतला. पलीकडे गेले. तो खाली मान घालून बसलेला, कोणीतरी त्याला पाणी देत होतं. म्हटलं, "ऊठ. इथे मी बसायचंय."