महिन्याला शंभर

सनीवेल, कॅलिफोर्निया
१६ जुलै २०००

॥ ॐ नमः शिवाय ॥

चि. वर्षाराणीस अमरदादाचे अ. उ. आशीर्वाद. ती. अप्पांस व ती. सौ. आईस शि. सा. नमस्कार.

रोज ई-मेल करता येत असताना पत्र कशाला, असं तू विचारलंस. माजलगावच्या इंटरनेट कॅफेत छापलेला कागद आई उशाखाली ठेवणार नाही, म्हणून. ऑर्डरी ई-मेलने, बाकी सगळं पत्राने.

आपल्या वेबसाइटला तीन महिने झाले. आईने भाजलेला आमटीचा येसर, शेंगदाण्याची चटणी, हाताच्या शेवया, अशा तीनच वस्तू आणि आजवर अकरा ऑर्डरी. अकराच का, हे आपल्याला माहीत नाही, ही खरी अडचण आहे. अप्पांच्या दुकानात एखादा पायरी चढून आला आणि नुसता भाव विचारून गेला, तरी अप्पांच्या ध्यानात राहतं. आपलं इंटरनेटवरचं दुकान आंधळं आहे. म्हणून दोन शनिवार-रविवार बसून मी एक प्रोग्राम लिहिला. त्याला मी हजेरीपट म्हणतो. कोण आलं, कधी आलं, कोणतं पान पाहिलं, कुठून परत फिरलं, ते सगळं तो लिहून ठेवतो. येणाऱ्या प्रत्येक कॉम्प्युटरवर तो एक बारीकशी खूणही सोडतो, म्हणजे तोच कॉम्प्युटर पुन्हा आला की कळतं. दर सोमवारी त्याचा गोषवारा तुला येईल. तू एक वही कर. प्रत्येक पार्सलला नंबर दे, ते कुठे गेलं, पोचलं की परत आलं, त्याच माणसाने पुन्हा मागवलं का, ते लिही. माझा हजेरीपट आणि तुझी वही जुळली पाहिजेत.

मागच्या पत्राच्या तळाशी आईने तुझ्याकडून एक ओळ लिहून घेतली होती, कवा येणार म्हणून. साडेचार वर्षं झाली, मलाही कळतं. तिला सांग, महिन्याला शंभर ऑर्डरी झाल्या की मी इथलं आवरून येतो. मग दिंद्रुडला बसूनच हे दुकान चालवू. अप्पांनाही हे वाचून दाखव.

नाकावरचा राग आहे तसाच राहू दे, मायेत मात्र काटकसर करू नकोस.

तुझा,
अमरदादा


दिंद्रुड, ता. माजलगाव, जि. बीड
१० सप्टेंबर २०००

ती. अमरदादास वर्षाराणीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. तुझं पत्र अप्पांनी दुकानात सगळ्यांसमोर वाचायला लावलं. शंभराची ओळ आली तेव्हा मला थांबवून ती पुन्हा वाच म्हणाले. मग गूळ फोडत बसले. आई मात्र शंभर म्हणजे किती पुडे, किती हरभरा, किती धने, असा हिशोब मला दिवसभर विचारत होती.

तुझा हजेरीपट भारी आहे. ऑगस्टमध्ये चारशे बारा जण आले, दोनशे साठ जणांनी येसराचं पान पाहिलं, एकाहत्तर जणांनी ऑर्डरीचा फॉर्म उघडला आणि भरला फक्त नऊ जणांनी. म्हणजे बासष्ट माणसं दारातून गेली की रे दादा! मी हे जेवताना सांगितलं. ताटातून मान वर न करता अप्पा म्हणाले की पायरीवरच्या गिऱ्हाइकाला आधी नावगाव विचारलं तर ते आत कशाला येईल? तुझ्या फॉर्मवर पहिलाच रकाना फॅक्स नंबरचा आहे. दिंद्रुडमध्ये फॅक्स कुणी पाहिला तरी आहे का? तो काढ. आणि पैसे आधी द्यायचे नाहीत, पार्सल हातात आल्यावर पोस्टमनला द्यायचे, हे अगदी वर मोठ्या अक्षरांत लिही.

माझी अजून एक सूचना. ‘आमचा पत्ता कसा कळला’ असा एक रकाना ठेव. परवा हैदराबादच्या एका माणसाने पार्सल मिळाल्यावर कार्ड पाठवलं. लिहिलंय की बायको आपल्या केजची, पुडा फोडला तर वास घेऊन स्वयंपाकघरात उभी राहून रडली, आता दर महिन्याला पाठवा. आईने ते कार्ड देवघरात ठेवलंय. तुला येसर पाठवू का, असं ती विचारते. तुला तिकडे आमटी कोण करून घालणार, असं मी म्हटलं. त्यावर ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

चिडवते म्हणून रागावू नकोस. आहे तसाच आमचा राहा.

तुझी,
वर्षाराणी


सनीवेल
५ नोव्हेंबर २०००

चि. वर्षाराणीस अ. उ. आशीर्वाद.

अप्पांचं म्हणणं इथल्या मोठमोठ्या कंपन्यांनी भिंतीवर लावावं असं आहे. फॅक्स काढला, पैशांची ओळ वर नेली. सप्टेंबरच्या चौदा ऑर्डरी ऑक्टोबरमध्ये बावीस झाल्या. ‘पत्ता कसा कळला’ या रकान्यात लोक काय काय लिहितात! बंगळुरूच्या एकाने लिहिलंय, ऑफिसातल्या मित्राच्या डब्यामुळे. मी ती उत्तरं जेवणाच्या सुट्टीत वाचतो.

दिवाळीला फोन लागला नाही, आईला वाईट वाटलं असेल. मी तास दीड तास लावत होतो. येसर पाठव. आमटी मी करीन, जमली नाही तर पिठासारखा खाईन.

सगळ्यांना नमस्कार, तुझ्या वहीलाही.

अमरदादा


दिंद्रुड
१० जानेवारी २००१

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

बसला आहेस ना? नोव्हेंबर एकोणचाळीस, डिसेंबर अडुसष्ट! आणि या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांतच एकतीस. आईने माळवदावरची खोली सारवून घेतली, खिडकीला नवा पडदा लावला. तुला कोणती बाजू आवडते म्हणून खाट दोनदा फिरवली.

सगळ्यात मोठी गंमत म्हणजे आता आपल्याच भागातून ऑर्डरी यायला लागल्यात. शिरूर कासार, धारूर, वडवणी, खुद्द दिंद्रुडसुद्धा. जन्मभर अप्पांच्या पायरीवर बसलेली माणसं आता कॉम्प्युटरवरून येसर मागवतात. पोस्टाचा खर्च कावून करायचा, जवळची पार्सलं मी हातोहात पोचवतो, असं अप्पा म्हणाले. पैसेही तेच आणून देतात. त्यांचा तुझ्या वेबसाइटवर विश्वास नव्हता, आठवतं? आता दर मंगळवारी मालाला माजलगावला गेले की परत आल्यावर पहिला प्रश्न हाच, आकडा किती झाला.

दादा, खरंच येशील ना रे? मी वेड्यासारखी दिवस मोजायला लागलेय.

वाट पाहणारी,
वर्षा


सनीवेल
२ फेब्रुवारी २००१

चि. वर्षास आशीर्वाद.

हे पत्र एकटीने वाच.

जानेवारीत एकशे चार ऑर्डरी झाल्या. आकडा पाहून मला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. म्हणून हजेरीपट उघडून एकेक ओळ पाहिली. एकशे चारांपैकी एकसष्ट ऑर्डरी एकाच कॉम्प्युटरवरून आल्यात. सगळ्या मंगळवारच्या, अकरा ते एकच्या दरम्यान, दर पाच-सात मिनिटांनी एक. ‘पत्ता कसा कळला’ हा रकाना एकाही ऑर्डरीत भरलेला नाही. आणि पत्ते सगळे मोठ्या इंग्रजी अक्षरांत, दिंद्रुडमध्ये दोन ‘ओ’ घालून. असे दोन ‘ओ’ घालणारा माणूस मला एकच माहीत आहे. त्याने भरलेला माझा पासपोर्टचा अर्ज त्यापायी परत आला होता.

वर्षा, मी अप्पांवर रागावलेलो नाही. मला लाज वाटतेय ती माझी. शंभर हा आकडा मी विचार करून काढला नव्हता. तेव्हा महिन्याला चार ऑर्डरी येत होत्या. शंभर कधीच होणार नाहीत असं वाटलं, म्हणून शंभर लिहिलं. नाही म्हणायची हिंमत नव्हती, आकडा पुढे करून सुटलो. मला वाटलं, आई चारदा विचारील आणि मग सवय होईल.

आता काय लिहू ते कळत नाही. त्यांना एवढ्यात काही सांगू नकोस. खरं काय आहे तेवढं कळव.

तुझा,
दादा


दिंद्रुड
१७ फेब्रुवारी २००१

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच मला कळलं होतं. आपल्या गल्लीतल्या छबुबाई घरी आल्या आणि येसर चांगला होता म्हणून आईला दुवा देऊ लागल्या. अप्पांनी त्यांना तो फुकट दिला होता, त्यांचा भाऊ शहादेव याच्या नावचा आहे म्हणून. मी वही काढली. शिरूर कासारच्या शहादेवच्या नावावर जानेवारीत चार ऑर्डरी! आणि शहादेव आणि त्याची बायको भिवराबाई दिवाळी झाल्याबरोबर ऊसतोडीला गेलेत, घराला कुलूप आहे. छबुबाईच म्हणाल्या, कारखान्यावर पालात राहणारा माणूस इंटरनेट कुठून लावील?

मग मंगळवारी मी अप्पांच्या मागच्या एसटीने माजलगावला गेले. अप्पा कॅफेत बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवलेली, हातात नावांची चिठ्ठी, एका बोटाने एकेक अक्षर शोधत होते. सिदूभाऊ, तुझ्या वर्गातला, कॅफेचा मालक, शेजारी उभं राहून त्यांना अक्षरं दाखवत होता. एक नाव संपलं की अप्पा चिठ्ठीवर रेघ ओढत. मी आत गेले नाही. घरी आल्यावर अप्पांनी सांगितलं की आज खोबरं महाग होतं.

एकसष्ट पार्सलांचे पैसे त्यांनीच भरले, दादा. माल गावात वाटला.

आणि आता जे झालं ते सांगते. पोस्टमनने तुझं पत्र दुकानात दिलं. अप्पांनी मला हाक मारली, वाच म्हणाले. एकटीने वाचायचं आहे, असं मी म्हटलं. त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं. मला गाळून वाचता आलं नाही. ‘सवय होईल’ इथे मी थांबले. पुरं कर, म्हणाले. सगळं ऐकून घेतलं, समोर आलेल्या बाईला पावशेर तूरडाळ दिली आणि भर दुपारी दुकान बंद केलं.

खऱ्या ऑर्डरी त्रेचाळीस. सोबत अप्पांचं पत्र आहे. मी ते वाचलेलं नाही.

वर्षा


॥ शिव ॥
दिंद्रुड, १६ फेब्रुवारी

चि. अमरनाथ यास सोमलिंगचा आशीर्वाद.

मी लिवायला बसलो म्हणून घाबरू नको. समदे खुशाल हाय. तुजी आई चुलीपुढं येसर भाजायलीय. तिला यातलं काय म्हाईत न्हाई.

शंभराचं मला तुजं ते पत्र ऐकलं तवाच कळलंतं. चाळीस वर्सं तराजू धरलाय. ज्याला घ्यायचं नसतं ते गिऱ्हाईक भाव पाडून मागतं, म्हंजी दुकानदारानंच न्हाई म्हणावं आन आपण मोकळं व्हावं. तवा मी त्याला म्हणतो, घे. मग त्याला जाता येत न्हाई. तुला बी मी घे म्हणलं.

पर तू गिऱ्हाईक न्हाईस, हे माज्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई. वर्षी वाचता वाचता थांबली तवा ध्यानात आलं. खोटी नावं भरली ही चूक झाली. तिच्या वहीची नासाडी झाली, मी तिची माफी मागितली. सिदूला बोल लावू नको, त्याला मीच गप ऱ्हा म्हणलतो.

मला एकच सांग. तू कावून येत न्हाईस? पगारासाठी असंल तर तसं लिव. हिथं करमणार न्हाई असं वाटत असंल तर तसं लिव. मला लई वाईट वाटंल, पर ते मी सोसीन. आकड्याची वाट बघणं मातर आता व्हायचं न्हाई.

तुज्या आईची तब्येत बरी हाय. माजी बी बरी हाय. जपून ऱ्हा.

सोमलिंग


सनीवेल
४ मार्च २००१

ती. अप्पांस अमरनाथचा शि. सा. नमस्कार.

तुम्ही विचारलंत म्हणून सरळ लिहितो. पगार हे अर्धं कारण आहे. उरलेलं अर्धं म्हणजे भीती. इथे मी कुणाचाच नाही, पण त्याची सवय झाली आहे. घरी आलो आणि तिथेही पाहुण्यासारखा वाटलो तर मला जायला जागा उरणार नाही. एक वर्ष टळलं, मग दुसरं टाळणं सोपं गेलं. आईच्या हाताचा येसर आला त्या दिवशी डबा उघडला आणि पुन्हा झाकण लावून ठेवला. आमटी केली नाही.

तिकीट काढलं आहे. परतीचंही काढलं आहे, हे लपवत नाही. पाच आठवडे राहीन. त्यापुढचं मला माहीत नाही, आणि माहीत नसलेल्याचा आकडा तुम्हाला पुन्हा सांगणार नाही. त्रेचाळीस ऑर्डरी खऱ्या आहेत, त्या वर्षाच्या आणि आईच्या आहेत. मी येवो न येवो, ते दुकान चालेल.

शनिवारी, १४ एप्रिलला, औरंगाबादहून सकाळच्या एसटीने निघेन. दुपारी दोनच्या सुमारास दिंद्रुडच्या स्टँडवर उतरेन. आईला उन्हात आणू नका. तुम्ही मात्र या, अप्पा. गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाकडे नीट बघा. माझे पुढचे केस बरेच गेले आहेत, फोटोत दिसू नये म्हणून मी टोपी घालायचो. मी तुम्हाला लगेच ओळखीन. तुम्हाला नाही ओळखू आलं तर जागचे हलू नका, मी येतो तुमच्याकडे.

आपला,
अमर