व्हॅनमधली दुसरी बॅटरी

सोमवार, ३ फेब्रुवारी

पुन्हा बसली! चौथ्या दारात बिजागरीची खाच अर्धी झाली आणि राउटर — इंटरनेटचा नव्हे, लाकडात खाच पाडायचा — घरघरला आणि गप्प. व्हॅनमधला इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला. हत्यारांसाठी लावलेली दुसरी बॅटरी रिकामी. जेवणाच्या सुट्टीआधीच.

दवाखान्याच्या नव्या इमारतीत वीज आलेली नाही, म्हणून तर काम मला मिळालं. डॉक्टरीणबाईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "माझी वीज माझ्या गाडीत असते." आज त्या हाताची घडी घालून उभ्या. "एक तारखेला पेशंट येणार. जमणार नसेल तर आत्ताच सांगा." जमेल म्हटलं. दुसरं काय म्हणणार? स्वतःच्या जिवावर घेतलेलं पहिलं काम. हे हातचं गेलं की परत फर्निचरच्या कारखान्यात, साहेबाच्या शिट्टीवर.

घरी बाबांना सांगितलं, ते जुने सुतार. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात मांडीवर पडून असतो, जीभ मात्र शाबूत. "पटाशीला चार्जिंग लागत नाही," म्हणाले. आई भाजी निवडता निवडता हसली. दोघं एका माळेचे मणी.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सगळ्या वायरी उघडून पाहिल्या. इंजिन चालू असताना बॅटरी भरते, इंजिन बंद केलं की इन्व्हर्टर तिच्यावर चालतो. सगळं जिथल्या तिथे. तरी सकाळी निघताना बॅटरी अर्धीच. डोकं फिरलंय.

बुधवार, ५ फेब्रुवारी

बॅटरीवाल्याकडे नेली. "बॅटरी ठणठणीत आहे, ताई. हिला कुणीतरी खातंय." म्हटलं, घरात माणसं तीन, त्यातलं कोण बॅटरी खाणार? उगाच त्याच्यावर डाफरले.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सापडलं! शेजारचा न्हावी म्हणाला, "तुम्ही सकाळी पोहायला गेलात की तुमची गाडी किरकिरते." म्हणजे इन्व्हर्टर चालूच राहत असणार आणि त्याचा पंखा फिरत असणार. पाठीसाठी मी तलावावर जाते आणि इकडे बॅटरीचं पाणी पाणी. बटण बंद करून वर चिकटपट्टी लावली.

आईला दोन दिवस शिंका. उशीतला कापूस म्हणे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

चिकटपट्टी जागेवर होती. पण तिरकी. मी तिरकी लावत नाही.

व्हॅनमधलं सगळं सामान बाहेर काढलं. प्लायवूडच्या मागे, पोत्याखाली, लाकडाचे तुकडे. प्रत्येकावर बिजागरीची खाच. पहिल्या खाचा उंदरानं कुरतडल्यासारख्या. मग जरा बऱ्या. शेवटच्या खाचेत बिजागरी ठेवून पाहिली — नखसुद्धा अडकत नाही! आणि कडेला पेन्सिलीची चंद्रकोर. बिजागरीची बाजू कळावी म्हणून अशी खूण फक्त बाबा करतात. वेडीवाकडी होती. डाव्या हातानं काढलेली.

तिथेच पायरीवर बसून रडले. झटक्यानंतर हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाले होते, "आता लाकडाला हात लावायचा नाही." आणि मी नसताना डाव्या हातानं राउटर शिकतायत. ज्या मशीनला आयुष्यभर नावं ठेवली, ते.

बोलणार नाही. बोलले तर सोडून देतील, मी ओळखते त्यांना. राउटरला नवं पातं बसवलं आणि चांगल्या लाकडाचे चार तुकडे वर, दिसतील असे ठेवले. चिकटपट्टी काढून टाकली.

सोमवार, १० फेब्रुवारी

तुकडे वापरलेत. मी काही पाहिलं नाही, असं तोंड केलं.

आजपासून सकाळी साइटवर लांबच्या रस्त्यानं जायचं, म्हणजे पोचेपर्यंत बॅटरी भरते. संध्याकाळपर्यंत पुरली. तीन दारं बसली. डॉक्टरीणबाईंनी चहा दिला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

लहान दारं संपली. उरली समोरची दोन मोठी, सागवानी. एकटीनं उचलायला गेले आणि पाठीत कळ आली. धरायला माणूस हवा. ओळखीच्या तिघांना फोन केले, सगळे दुसऱ्या कामांवर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दवाखान्याला दर्शनी दार नको का?" हवं हो!

रात्री जेवताना मोठ्या दारांचं आणि पाठीचं सांगितलं, आणि बाबांकडे बघत राहिले. खाच ते पाडतील. पण दार? एका हातानं दार कसं धरणार? आणि मी विचारलं तर हेच त्यांना तोंडानं सांगावं लागेल. नाही विचारलं. आई म्हणाली, "पाठीला तेल लाव आणि झोप." तिच्या बोटाला पट्टी. विळी लागली म्हणे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

तलाव बंद, पाणी बदलतायत. अर्ध्या वाटेतून परत आले. मागच्या अंगणात राउटरचा आवाज. हळूच व्हॅनच्या आडून पाहिलं. बाबा उलट्या बादलीवर बसलेले, डाव्या हातात पेन्सिल. राउटर आईच्या हातात. जिला मिक्सरचा आवाजही सहन होत नाही ती माझी आई, बाबांचा चष्मा लावून, वाकून. बाबा म्हणत होते, "दाबू नकोस. त्याला जाऊ दे."

खाच संपवून तिनं मशीन बंद केलं, भुसा फुंकला, मग मला पाहिलं. "चल," म्हणाली. "डबा तिघांचा भरलाय."