हॉप्स किती दिवस ठेवायचे

९ मार्च, रविवार

टाकले एकदाचे! हॉप्सच्या गोळ्या कापडी पिशवीत बांधल्या आणि झाकण उघडून बादलीत सोडल्या. पाच गॅलन बिअर. आमची शेवटची. अनुप पंचवीस तारखेला नागपूरला चाललाय — कायमचा. ग्रीन कार्डची वाट बघून कंटाळला. ईडन प्रेरीच्या या बेसमेंटमध्ये नऊ वर्षं आम्ही दोघांनी बिअर केली. बावीसला त्याची निरोपाची पार्टी, तिथे हीच प्यायची. ही बिघडली तर मी मलाच माफ करणार नाही.

हॉप्स म्हणजे एका वेलीची सुकवलेली फुलं; उकळताना घालतात ते कडवटपणासाठी. आंबून झाल्यावर पुन्हा थंडच घालायचे, ते नुसत्या वासासाठी. किती दिवस ठेवायचे, यावर इंटरनेटवर मारामाऱ्या चालू आहेत. कुणी म्हणतं दोन, कुणी सात. आमच्यात कधी वाद झाला नाही. तापमान, साखर, आकडेमोड अनुपची. हॉप्स कधी काढायचे ते मी ठरवायचं. "तुझं नाक सांगते बे," एवढंच म्हणतो. परवा फोनवरही तेच.

संघमित्राचं नेहमीचं चालू — "वंदनेला पंचशील म्हणताना पाचव्याला तुझा आवाज बरोबर खाली जातो." बायको आहे, तिला कळणारच. जातो खरा! दारूपासून दूर राहीन, असं म्हणायचं असतं ना त्यात. काय करू?

११ मार्च

खालच्या नळातून घोटभर काढली. काही नाही. संत्र्याच्या सालीचा वास नाही, आंब्याचा नाही. दोनच दिवस झालेत म्हणा.

१३ मार्च

चौथा दिवस. एव्हाना झाकण उघडलं की डोकं भणभणायला पाहिजे. पाणी हुंगल्यासारखं वाटतंय! पाकीट जुनं निघालं असणार, दुसरं काय. नवीन आणलं, तेही ओतलं.

अबोली पायऱ्यांवरूनच ओरडली, "बाबा, इट रीक्स डाउन हिअर!" बारा वर्षांची पोर. मी खेकसलो तिच्यावर — तुला तो यीस्टचा वास येतोय, कळत नाही त्यात बोलू नकोस. गप वर निघून गेली. लेकीवर कशाला ओरडलो? सॉरी म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं.

१४ मार्च

आजही वास नाही.

१६ मार्च, रविवार

सातवा दिवस. तिसरं पाकीट टाकलं. आठवड्याच्या वर ठेवले की बिअर गवताळ होते, हे मीच लोकांना शिकवत आलोय. आणि तरी टाकलं! मग काय करू? वासाशिवायची बिअर त्याच्या हातात कशी देऊ? एक काम माझ्याकडे होतं. एकच!

खरं सांगायचं तर बिअरचंच असं नाही. अनुप जाणार हे डिसेंबरात कळलं, तेव्हापासून जेवणसुद्धा कागद चघळल्यासारखं लागतंय. सावजी मटण केलं संघमित्राने, मी नुसताच तिखटाने घामाघूम. चव कसली ती नाहीच. ती म्हणते डिप्रेशन असेल, कुणाला तरी दाखव. असेल. पन्नाशी आली की माणसाला नवीन मित्र मिळत नाहीत. ऑफिसात आहेत की, हाय-हॅलोवाले. घरी न सांगता येऊन फ्रिज उघडणारा एकच होता. त्याच्या जाण्याने माझ्या जगण्यातलं नक्की काय जाणार आहे, ते मला आताच दिसायला लागलंय, आणि मला ते नको आहे. रडलो आज बेसमेंटमध्ये. लिहितानाही लाज वाटते.

१८ मार्च

अनुप आला. जिन्यातच थांबला. "अबे, इथपर्यंत मारून राहिला ना वास! किती टाकले?" मला वाटलं टिंगल करतोय. नळाखाली ग्लास धरला, घोट घेतला आणि सरळ सिंकमध्ये थुंकला. "गवत! घसा सोलून निघाला यार. किती दिवस झाले?" नऊ, म्हटलं. तीन पाकिटं.

त्याने ओली पिशवी वर काढून माझ्या नाकाशी धरली. "काय येते?"

काही नाही, म्हटलं.

हसेल असं वाटलं. हसला नाही. वर स्वयंपाकघरात नेलं मला, डोळे मिटायला लावले. काहीतरी उघडल्याचा आवाज. हे? नाही. नीट हुंग. नाही रे! डोळे उघडले तर हिंगाची डबी, अगदी नाकाला चिकटलेली.

"कधीपासून, प्रफुल्ल?" तो मला कधी नावाने हाक मारत नाही.

पाच गॅलन ओतून दिली. त्यानेच बादली उचलली, मी नळ सोडला.

१९ मार्च

संघमित्रा म्हणाली, "जानेवारीत दूध करपलं, तू शेजारीच लॅपटॉप घेऊन बसला होतास. मला वाटलं मुद्दाम उठला नाहीस. किती बोलले मी तुला!" आणि रडायलाच लागली. मी म्हटलं अगं, दोष बिअरचा नव्हता, नुसतं नाक होतं, बरं होईल. सर्दी असेल जुनी. कोविड असेल. पार्टीला दुकानातली आणू. अबोलीला सॉरी म्हटलं. "इट्स ओके, बाबा," म्हणाली.

सोमवारची अपॉइंटमेंट मिळाली.

२० मार्च

डॉक्टरांचा फॉर्म भरत होतो. घरातले आजार — वडील: कंपवात. सुरुवात कशी झाली ते माहीत नव्हतं. मी तेव्हा इथे होतो. आईला फोन लावला.

"पहिले तर ह्यांचा वास गेला. अगरबत्ती पेटली का विझली, कळेच ना. नाक गहाण ठेवलं का म्हणून मी चिडवायची. हात तर दोन वर्षांनी हलायला लागले, बेटा. का रे? आज कसं काय विचारतोस?"