तीनपानीची सावली

मी, खाली सही करणारी, धंदा शिवणकाम, विधवा, राहते घर स्वतःच्या नावावर असलेली, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. उद्या माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. थोरला मुलगा बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालतो आहे, तरीही नाही.

कलम १. घर आणि मागची जागा, मोठ्या झाडासकट, माझ्या धाकट्या सुनेला मिळावी. धाकटा वर्षभर जहाजावर असतो, मागे काय उगवते हे त्याला ठाऊकही नाही. त्याने रुसू नये.

कारण लिहिते. झाडाखाली तीनपानीचा वाफा आहे. तीन पाने आणि त्यांवर तीन पाकळ्यांचे एकच पांढरे फूल; नाव आमचे घरचे. रस्ता रुंद करायला पलीकडचे रान तोडले, तेव्हा मी आणि यजमानांनी तिच्या मुळांच्या गाठी ओल्या गोणपाटात गुंडाळून आणल्या. यजमानांचा त्या वाफ्यावर फार जीव. वादळ सुटले त्या दिवशी ते तिथेच पाला पसरत होते. फांदी कोसळली. थोरल्याने ती एकट्याने उचलली. खाली त्याचे वडील होते.

तेव्हापासून तो झाड तोडायचे म्हणतो आणि मी नाही म्हणते, कारण ऊन आले की तीनपानी संपली. गेल्या महिन्यात मी तपासणीसाठी दवाखान्यात होते, तेव्हा तो करवतवाल्याला घेऊन आला. सुनेने स्वयंपाकघरातली खुर्ची नेली आणि बुंध्याला टेकून बसली.

"ऊठ तिथून," थोरला म्हणाला.

"आई घरी आल्या की उठते, भाऊजी."

"हे झाड बाबांना घेऊन गेलं. आता आईची वाट बघतंय."

"मग आईंनाच विचारा."

करवतवाल्याने यंत्र बंद केले. "आधी घरातलं मिटवा," म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. सून अंधार पडेपर्यंत हलली नाही. घर तिला का, हे यावरून समजावे.

कलम २. वाफ्यावरचा पाला झाडू नये. तेच त्याचे अंथरूण आणि तेच खत. फूल खुडू नये, सोबत पाने तुटतात आणि पानांवाचून गाठ उपाशी राहते. उन्हाळ्यात सगळे वाळून नाहीसे होईल. मेले समजून खणू नये. बी मुंग्या ओढून नेतात, नेऊ द्यावे. बियांपासून फूल यायला सहा-सात वर्षे जातात. ज्याला घाई आहे त्याने या वाफ्याच्या वाटेला जाऊ नये.

कलम ३. शिलाई यंत्र माझ्या जावेला. मोठी कात्री तिला देऊ नये. तिने त्या कात्रीने एकदा पत्रा कापला आहे.

कलम ४. घरापैकी फक्त रस्त्याकडची खोली आणि यजमानांची हत्यारे थोरल्याला. झाडाला हात लावल्यास खोलीवरचा हक्क जाईल.

इथवर, कागद तपासायला आलेल्या वकीलबाईंनी मोठ्याने वाचून दाखवले. थोरला दारात येऊन उभा होता. पुढचे त्याच्यासमोर लिहिते.

तो म्हणाला, "मला खोली नको, आई. ती फांदी अजून माझ्या हातात आहे. दुसरी तुझ्यावर पडली तर उचलायला पुन्हा मीच असणार."

इतक्या वर्षांत फांदीबद्दल तो पहिल्यांदाच बोलला. मी वकीलबाईंना म्हटले, अजून एक कलम घालते.

कलम ५. दरवर्षी पानगळ झाली की कमकुवत फांद्या थोरल्याने उतरवाव्यात. कोणत्या, ते त्याने ठरवावे. सुनेने अडवू नये. बुंधा उभा राहावा.

साक्षीला शेजारचे बेकरीवाले आले होते. दुसरा साक्षीदार हवा होता. थोरल्याने पेन मागितले.

वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला हिस्सा मिळतो, त्याला साक्षीदार होता येत नाही."

"मग चौथं कलम खोडा," तो म्हणाला. "फांद्या उतरवायला हिस्सा लागत नाही."

ओट्याजवळ उभी असलेली सून काही बोलायला लागली, त्याने हातानेच थांबवले. कलम ४ मी स्वतः खोडले आहे. वाचता यावे म्हणून एकच रेघ मारली आहे, शेजारी माझी सही आहे.

ठिकाण: राहत्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, तीनपानीला कळ्या

लिहून ठेवणारी: (सही)
साक्षीदार १: शेजारी, बेकरीवाले (सही)
साक्षीदार २: थोरला मुलगा, हिस्सा नाही (सही)