पोळ्यापर्यंतचा पाहुणा

श्रावण शुद्ध तृतीया, शके १८६६. लातूर.

स्वस्ति श्री! सकलविद्वज्जनमुकुटमणी, धातुरूपावलीधुरंधर, तपकीरसेवनतत्पर, लातूर नगरीच्या शाळेतील द्वितीय (न तु प्रथम) संस्कृताध्यापक, राजमान्य राजश्री रेणुकादासपंत यांची स्वारी आज प्रातःकाळी सपादुका कचेरीवर चाल करून गेली आणि मध्यान्ही निष्पादुका परतली. वहाणा पायरीवरून कुणी नेल्या. दाखलाही मिळाला नाही.

प्रकरण असे. धाकटी भगिनी सौदामिनी हिचे यजमान वसंतराव यांस नांदेडच्या एका कापडगिरणीत हिशेबनिसाची जागा मिळाली. सोलापूरचे बिऱ्हाड मोडून सर्वांनी निजाम सरकारच्या मुलखात यायचे. वसंतरावांस वास्तव्याचा दाखला मिळाला, सौदामिनीस मिळाला, सहा वर्षांच्या इंदूसही मिळाला. नऊ वर्षांच्या विरूपाक्षास नाही! बालपणीच्या ज्वरात त्याचे दोन्ही पाय वाळले. तो हातांवर चालतो. परमुलखातून येणाऱ्या कुटुंबात जे माणूस कमावण्यास असमर्थ, त्यास येथे राहता येत नाही, असा नियम. हद्दीवर त्याला पाहुणा म्हणून परवाना दिला, तो पोळ्यापर्यंत. वसंतराव नांदेडास गेले. मायलेकरे माझ्या घरी.

कचेरीतला पेशकार, म्हणजे कारकून, बसलिंगप्पा सज्जन माणूस. म्हणाला, “पंडितजी, पोरगं माजूर हाय, अपंग. कायदा म्हणतो, माजूर म्हंजी सरकारवर बोजा.”

“नऊ वर्षांचे कोणते पोर कमावते?”

“कोणतंच न्हाई. पण त्येंचे पाय हायत.”

यावर खंडन सुचले ते घरी आल्यावर, आणि तेही संस्कृतात.

श्रावण शुद्ध पंचमी.

नागपंचमी. विरूपाक्षास झोक्यावर उभे राहता येत नाही, म्हणून तो बसून झोके घेतो — आणि आळीतील सर्वांहून उंच जातो! आमच्या सौ. प्रेमलेने डोळे झाकून घेतले. मी उघडे ठेवले, परंतु ग्रंथावर.

श्रावण शुद्ध अष्टमी.

अर्ज लिहिला. प्रारंभी सरकारच्या औदार्याचे असे दीर्घ समास रचिले की वाचणाराने मध्ये पाणी प्यावे. बसलिंगप्पाने उर्दूत उतरविताना सर्व दोन ओळींत आटोपले. काय लिहिले ते मराठीत सांग म्हटले, तर म्हणतो, “लिवलंय की — पोरगं शांत हाय, कुणाला तरास देत न्हाई.”

विद्येचा असा अपमान कधी झाला नव्हता. शिवाय विधान असत्य! त्याच वेळी ते शांत पोर माझ्या तपकिरीच्या डबीत सुंठ भरीत होते.

श्रावण शुद्ध एकादशी.

उत्तर नाही. वर्गात रामशब्द चालविताना दोनदा षष्ठीवर थांबलो. मुले हसली. घरी आलो, पुन्हा बाहेर पडलो, कोपऱ्यापर्यंत गेलो, परतलो. का, ते सांगता येत नाही.

विरूपाक्ष ओसरीवर इंदूशी सागरगोटे खेळत होता. म्हणतो, “मामा, बसा की. हरायचं भ्या वाटतं का?”

बसलो. हरलो. पुन्हा हरलो.

“मामा, रागावणार नसाल तर एक इचारू? तुम्हाला दोन पाय असून तुम्ही जाता कुठं? शाळा न् घर, घर न् शाळा!”

“मर्यादा!” असे मी गर्जलो. आतून सौदामिनी हसली. या घरात आल्यापासून प्रथमच. तिला सातवा महिना आहे. सारा दिवस एका जागी बसून असते, आणि दाराची कडी वाजली की तिचा हात पोराच्या खांद्याकडे जातो.

श्रावण वद्य प्रतिपदा. नांदेड.

मोटारीने अहमदपूरमार्गे येथे आलो. सर्वांग शिथिल. दाखल्याच्या कचेरीतील वरिष्ठ साहेबांस भेटलो. अत्यंत विनयी गृहस्थ! खुर्ची दिली, चहा दिला, नकार दिला. मी दया, न्याय, राजधर्म या तिन्ही विषयांवर बोललो. ते म्हणाले, “आप बहुत अच्छा बोलते हैं,” आणि दार उघडून उभे राहिले.

सायंकाळी वसंतरावांची खोली पाहिली. गोदावरी दुथडी वाहते, तिचा आवाज तिथवर येतो. भिंतीत खुंट्या ठोकल्या आहेत. तीन वर, एक खाली — गुडघ्याइतक्या उंचीवर. ते म्हणाले, “त्याच्या सदऱ्यासाठी. हात पुरावा.” मग दोघेही नदीच्या पाण्याबद्दल बोलत राहिलो.

श्रावण वद्य तृतीया. लातूर.

बसलिंगप्पा स्वतः घरी आला. ओसरीवर बसला, पाणी प्याला, इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाला, “पंडितजी, एक वाट हाय. तुम्ही हितले, पिढीजात. तुमचा मुलगा म्हंजी हितलाच. त्याचे पाय कुणी बघत न्हाई. तुम्हाला लेकरू न्हाई. दत्तक घ्या की.”

किती सोपे! आणि किती अशास्त्र! भगिनीचा पुत्र दत्तक घेण्यास धर्मशास्त्राच्या निबंधकारांचा स्पष्ट निषेध आहे. तो मी त्यास सविस्तर समजावून दिला. तो उठला. “बघा बुवा. माझा कायदा तरी वाट काढू देतो. तुमचा तर लईच कडक हाय!”

श्रावण वद्य पंचमी.

ग्रंथ चाळतो आहे. निषेध, निषेध, निषेध. आज ताट वाढताना सौ. बोलली.

“औशाच्या कुळकर्ण्यांनी भाचाच घेतला ना? त्यांच्यावर आभाळ कोसळलं का?”

“तो देशाचार. शास्त्र निराळे.”

“मग देशाचार करा. आपण देशातच राहतो.”

भाकरी वाढली आणि आत गेली. चुलीपुढून आवाज आला — “मी त्याच्यासाठी मऊ धोतर फाडून लंगोट शिवलेत. तुम्हाला कळावं म्हणून सांगते.”

धोतर माझे होते.

श्रावण वद्य षष्ठी.

देशाचार बलवान. आधार सापडला. अक्षरे बारीक आहेत, पण आहेत!

श्रावण वद्य दशमी.

काय झाले ते क्रमाने लिहितो.

वसंतराव नांदेडहून आले. वेदी, समिधा, तूप, सर्व सिद्ध. उपाध्यायांनी संकल्प सांगितला. वसंतरावांनी उदक हाती घेतले. त्यांनी ‘ददामि’ म्हणायचे, मी ‘प्रतिगृह्णामि’ म्हणायचे. वसंतराव उदक हाती धरूनच विरूपाक्षाकडे पाहू लागले. आणि तेवढ्यात सौदामिनी पोटाला हात लावून उठली.

“थांबा. दादा, मी न्हाई देणार.”

“अगं, कागदापुरते! पोर तुझेच.”

“कागदापुरतं कसं? अग्नीसमोर म्हणायचंय ना? तुम्हीच शिकवलंत मला, अग्नीसमोर बोललेलं परत घेता येत न्हाई म्हणून.” तिने विरूपाक्षास कडेवर घेण्यास हात घातला, उचलवेना, मग त्याच्याजवळच खाली बसली. “उसना मागा, आत्ता देते. वर्षभर ठेवा, दोन वर्षं ठेवा. पण ‘दिला’ न्हाई म्हणणार. आधीच एक कचेरी म्हणते हा नको. आता मीही म्हणू?”

उपाध्याय म्हणाले, मुहूर्त टळतो आहे. विरूपाक्ष म्हणाला, “मला कुणी इचारणार हाय का?” कुणी विचारले नाही. इंदू रडू लागली. सौ. उठून स्वयंपाकघरात गेली, ती तूप घेऊनच गेली.

होम झाला नाही. एवढी ग्रंथसंपदा चाळून जो आधार काढला, तो माझ्या भगिनीने एका क्रियापदाने मोडला. आणि मला त्याचा राग येत नाही, हे त्याहून विचित्र.

श्रावण वद्य द्वादशी.

वसंतराव परत गेले. नोकरी सोडली तर चौघे उपाशी. सौदामिनी गाठोडी बांधते आहे. ती दोन्ही पोरांना घेऊन बार्शीस जाणार. लातूरहून तिथे छोटी आगगाडी जाते, हद्दीपलीकडे पहिले मोठे गाव. तिथे खोली पाहणार. एकटी. सातवा महिना. सोबत न चालणारे एक पोर आणि सतत पळणारे दुसरे! मी म्हणालो, “हे अव्यवहार्य आहे.” ती म्हणाली, “होय, दादा.” आणि गाठ आवळली.

श्रावण वद्य त्रयोदशी.

अंगणात येरझारा घातल्या. तपकीर संपली. आणण्यास गेलो, विसरून तसाच आलो.

श्रावण वद्य चतुर्दशी.

उद्या पोळा. गल्लीत बैलांच्या शिंगांना रंग चालला आहे. सौ. मला म्हणाली, “अहो, एक इचारते. पोराला इकडं यायला बंदी हाय. आपल्याला तिकडं जायला हाय का?”

“नाही.”

“मग?”

मी नियम आठवून पाहिला. पुन्हा आठवून पाहिला. तो नियम केवळ येणाऱ्यांसाठी होता! असमर्थ मनुष्याने बाहेर जाण्यास सरकारची काहीच हरकत नव्हती. या व्याख्येत मी पूर्ण बसतो.

कचेरीत गेलो. बसलिंगप्पा ऐकून हसला नाही. म्हणाला, “पंडितजी, वरीसभर भायेर ऱ्हायलात तर तुमचंबी नाव हितून कमी होतंय. मग परत यायला तुम्हीच परदेशी. वय बघतील, दात बघतील, कमाई इचारतील.”

“दात आहेत.”

“कमाई?”

तेथून मुख्याध्यापक माधवरावांकडे. ते म्हणाले, “पंडित, चढतीची जागा पुढल्या वर्षी तुमचीच होती! प्रथम संस्कृताध्यापक!” मी राजीनाम्याखाली सही केली. सही फार वळणदार आली; पत्र पुन्हा लिहावे असे वाटले, लिहिले नाही.

घरी सांगितले. सौदामिनी म्हणाली, “दादा, तुम्हाला बार्शीचं पाणी बाधेल.” विरूपाक्ष म्हणाला, “मामा, छोट्या गाडीत खिडकी माझी.”

भाद्रपद शुद्ध द्वितीया. बार्शी.

दोन खोल्या, पाच माणसे, लवकरच सहा. घरमालकाने पहिल्याच भेटीत विचारले, “तुम्ही निजामातले ना? किती दिवस राहणार?” उत्तर ठाऊक नाही. न्हाणीच्या दाराला आतून कडी नाही, म्हणून आत असेपर्यंत मोठ्याने स्तोत्र म्हणावे लागते. स्तोत्र संपते, स्नान उरते. घरमालक म्हणतो, सुतार उद्या येईल. कालही तेच म्हणाला होता.