यंत्र लावायची दुसरी खेप

तीर्थरूप वहिनींस,

नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे ते आधी कळवा. दादाच्या पत्रात त्याच्या स्वतःच्या सर्दीखेरीज काही नसतं. मी उत्तम आहे. पत्र लांबणार आहे, चष्मा घेऊन बसा.

गेला महिनाभर दुपारी खुर्चीत टेकलं की माझं हृदय मध्येच एक ठोका गाळतं आणि पुढचा दणकून मारतं. डॉक्टरांनी एक यंत्र लावून घ्यायला सांगितलं. साबणाच्या वडीएवढं असतं, कमरेला अडकवतात, छातीवर चकत्या चिकटवून तारा जोडतात आणि चोवीस तासांतला प्रत्येक ठोका टिपतात. सोबत एक वही देतात: किती वाजता काय करत होता, काय वाटलं. आता एकतीस वर्षं कॉलेजात शरीरशास्त्र शिकवलेल्या बाईच्या हातात परीक्षेची वही दिली तर ती काय करणार? मी पहिला नंबर काढायचं ठरवलं. अख्खा दिवस उताणी पडून राहिले. जिना नाही, बातम्या नाहीत, शेजारीणबाईंशी बोलणं नाही (त्यांच्याशी बोलून कोणाचेही ठोके चुकतील). वहीत "विश्रांती. काही वाटलं नाही" असं सत्तावीस वेळा सुवाच्य अक्षरात लिहिलं. यंत्र लावणाऱ्या बाईंनी वही चाळली आणि विचारलं, "मावशी, तुम्ही रोज अशाच पडून असता?" मी म्हटलं, छे, रोज मला कामं असतात. "मग आम्ही तपासलं कोणाला?" म्हणाल्या. पुन्हा चकत्या, पुन्हा तारा.

पण त्या पहिल्या दिवशी पडल्यापडल्या माझा सगळा अभ्यास माझ्याच अंगावर आला, वहिनी. हातापायांचे स्नायू मला पहिल्यापासून आवडतात, कारण ते हुकुमात असतात. मज्जातंतूतून आज्ञा येते, स्नायूच्या धाग्यात कॅल्शियम सुटतं, बारीक तंतू जाड तंतूंमध्ये सरकतात आणि स्नायू आखडतो (मुलींना मी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवून दाखवायला लावत असे). आज्ञा थांबली की कॅल्शियम परत गोळा होतं आणि स्नायू सैल. आतड्याचे आणि रक्तवाहिन्यांचे स्नायू निराळे, अरेखित, म्हणजे पट्टे नसलेले. सावकाश आखडतात, सावकाश सुटतात, आपल्याला विचारत नाहीत. मी पोटाला बजावलं, गप्प बस. त्याने गोळा आणला. अंगावर काटा आला, तोही त्याच जातीच्या स्नायूंनी. आणि हृदय? दिसायला दंडासारखं पट्ट्यापट्ट्यांचं, वागायला स्वतंत्र. त्याच्याच काही पेशी ठोका सुरू करतात आणि तो एकीकडून दुसरीकडे पसरतो. एकदा आखडलं की काही क्षण ते कोणाचंच ऐकत नाही, म्हणून पोटरीसारखा त्याला पेटका येत नाही. हे मी वर्गात फार अभिमानाने सांगत असे. मग त्याला काय होतं, असं एकाही मुलीने विचारलं नाही. आता मला विचारावंसं वाटतं.

शिवाय सैल पडायलाही शक्ती लागते. शक्ती संपली की तंतू एकमेकांना धरून बसतात; मेलेलं शरीर ताठतं ते त्यामुळेच. ही माहिती असून उताण्या पडलेल्या माणसाचं काही भलं होत नाही. सैल पडल्यावरच हृदयात रक्त भरतं, म्हणून प्रत्येक ठोक्यानंतर मी वाट पाहत होते, की हे आता सुटतंय की नाही.

दुसऱ्या खेपेला नेहमीसारखं वागायचं होतं. जिना तीनदा चढले. मग ह्यांच्याशी भांडायला गेले, कारण ते माझं रोजचं काम. टॉवेल ओला का ठेवलात, म्हटलं. "चुकलं," म्हणाले. पंखा का चालू ठेवलात? "तुझंच बरोबर आहे." वहिनी, चाळीस वर्षांत ह्या माणसाने पंखा स्वतःहून बंद केलेला नाही, तो उठून बंद करून आला आणि माझ्याकडे न बघता पेपर उलटा धरून बसला. छातीत धस्स झालं. वहीत लिहिलं: "चार वाजून दहा मिनिटं. नवऱ्याने चूक कबूल केली. दोन ठोके गळले."

काल यंत्र परत दिलं. बाईंनी ती नोंद वाचली, पण हसल्या नाहीत. शुक्रवारी डॉक्टर बोलतील म्हणाल्या, येताना घरचं कोणीतरी सोबत आणा. सगळ्यांनाच असं सांगता का, विचारलं. त्या तारा गुंडाळत राहिल्या.

बाकी सर्व ठीक. दादाला वाफ घ्यायला सांगा.

तुमची नणंद

ता. क. शुक्रवारी अकराला बोलावलंय. तुम्ही येण्याची काहीही गरज नाही.

ता. क. दुसरा. हे सोबत येतील, पण डॉक्टर काहीही म्हणाले तरी "हो" म्हणतील. प्रश्न मीच विचारीन. उत्तर मला नीट ऐकू येईल याची मात्र खात्री वाटत नाही.

ता. क. तिसरा. सहा वर्षांपूर्वी, पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, भीती वाटते म्हणून तुम्ही मला फोन केला होता. मी पाऊण तास पित्ताशय कसं आखडतं ते समजावलं आणि भीती म्हणजे अज्ञान, असं सांगितलं. तुम्ही "हं, हं" करत राहिलात. मी यायला हवं होतं. गुरुवारी सकाळच्या बसने निघा. मला काही समजावू नका, नुसत्या शेजारी बसा.